हाडाचा नमुना आधी कोणत्या दारी न्यावा?

प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या रॅटचे मांडीचे हाड जेमतेम साडेतीन-चार सेंटिमीटर लांब असते. एवढ्याशा हाडातून त्याच्या आतल्या जाळीची रचना, मोडण्याची ताकद, खनिजाचे प्रमाण आणि पेशींची हालचाल असे सगळे काढायचे म्हटले, तर ते निदान चार यंत्रांपुढे न्यावे लागते, आणि बेळगाव परिसरात ही चार यंत्रे एका छपराखाली मिळतील असे धरून चालता येत नाही. एक वैद्यकीय महाविद्यालयात असते, दुसरे अभियांत्रिकीच्या कार्यशाळेत, तिसरे धारवाडच्या किंवा कोल्हापूरच्या विद्यापीठात आणि चौथ्यासाठी कदाचित पुणे, मुंबई किंवा बंगळुरू गाठावे लागते. माझा अनुभव असा की, अशा फिरतीच्या संशोधनात यंत्र मिळाले नाही म्हणून जेवढी कामे अडतात, त्याहून अधिक कामे नमुना चुकीच्या क्रमाने किंवा चुकीच्या द्रावणात नेल्यामुळे वाया जातात. म्हणून नमुन्याचे शेवटचे दार कोणते हे पहिला नमुना घेण्यापूर्वीच ठरवावे, आणि ते कसे ठरवावे हेच पुढे सांगितले आहे.

ज्यांच्याकडे प्रश्न आहे, रुग्ण आहेत, मार्गदर्शकही आहेत, पण स्वतःच्या विभागात उपकरण नाही, अशा बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या भागातल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी, फिजिओथेरपी व आयुर्वेदाच्या अध्यापकांसाठी आणि अस्थिरोगतज्ज्ञांसाठी हे लेखन आहे. हाडे, सांधे, कूर्चा, स्नायू, कंडरा आणि अस्थिबंध या सर्वांसाठी मिळून येथे ‘अस्थिस्नायू’ हा एकच शब्द वापरला आहे.

आधी प्रश्न, मग यंत्र

तीन उदाहरणे डोळ्यांपुढे ठेवू. निपाणीच्या विडी कामगार महिला तासन् तास मान खाली घालून बसतात. त्यांच्या मानेच्या आणि खांद्याच्या दुखण्याचा अभ्यास करायचा असेल, तर ऊतीचा नमुना लागतच नाही. प्रमाणित प्रश्नावली, हाताच्या पकडीची ताकद मोजणारे साधे उपकरण आणि फार तर स्नायूंची विद्युत हालचाल नोंदवणारे ईएमजी एवढ्यावर ते काम उभे राहते. दुसरे उदाहरण कांडवेलीचे. मोडलेले हाड सांधण्यासाठी ही वेल आपल्याकडे पूर्वापार वापरतात. तिचा अर्क खरोखर उपयोगी पडतो का हे पाहायचे असेल, तर अर्काचे प्रमाणीकरण, प्राणिगृह, मायक्रो-सीटी (म्हणजे हाडाच्या आतल्या जाळीचे अतिसूक्ष्म त्रिमितीय एक्स-रे चित्रण), हाड वाकवून मोडण्याची चाचणी आणि सूक्ष्मदर्शकाखालचे छेद असा मोठा प्रवास आहे. तिसरे उदाहरण वयस्कर रुग्णांच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेचे. त्या वेळी मांडीच्या हाडाचा वरचा गोळा काढला जातो आणि एरवी तो जैववैद्यकीय कचऱ्यात जातो. योग्य संमती घेतली, तर हाडाच्या खनिजाचा आणि ताकदीचा अभ्यास करण्यासाठी त्याच्याइतका चांगला नमुना सहज मिळत नाही.

या तिन्ही प्रकल्पांच्या आरंभी एकच कागद तयार करावा. मी त्याला ‘नमुन्याची वाट’ म्हणतो. त्यावर डावीकडे नमुना, मग त्याचे प्रत्येक मापन, त्या मापनाला नमुना कोणत्या अवस्थेत लागतो, त्या मापनानंतर तो कोणत्या अवस्थेत उरतो, आणि शेवटी ते मापन कोठे होणार, एवढे लिहावे. हा कागद भरताना जेथे पेन अडखळते, तेथेच पुढे प्रकल्प अडखळणार असतो.

आसपास काय आहे

बेळगावच्या नेहरूनगरात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय पारंपरिक वैद्यक संस्था आहे. २००६ मध्ये ती प्रादेशिक वैद्यकीय संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली आणि पश्चिम घाटातल्या औषधी वनस्पती हा तिच्या कामाचा एक मुख्य विषय आहे. कांडवेलीसारख्या प्रकल्पाने पहिली चौकशी तेथेच करावी. १९६३ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि ते ज्या अभिमत विद्यापीठात येते त्या केएलई या शिक्षणसंस्थेच्या संकुलातील फिजिओथेरपी, आयुर्वेद व मूलभूत विज्ञानाचे विभाग, तसेच शासकीय बेळगाव वैद्यकीय विज्ञान संस्था, ही रुग्ण आणि ऊतींच्या कामाची ठिकाणे होत. मच्छे येथील विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ १९९८ चे, आणि त्याला संलग्न असलेली शहरातली अभियांत्रिकी महाविद्यालये यांत्रिक चाचण्यांसाठी उपयोगी पडतात.

शहराबाहेर पडल्यावर दक्षिणेला सुमारे ८० किलोमीटरवर धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ आणि उत्तरेला सुमारे ११० किलोमीटरवर कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ अशी दोन्ही बाजूंची सोय आहे. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने चालणारी अत्याधुनिक विश्लेषण उपकरण केंद्रे या दोन्ही विद्यापीठांत आहेत. अशा केंद्रांत साधारणपणे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, एक्स-रे विवर्तन, अवरक्त वर्णपटमापन यांसारखी उपकरणे बाहेरच्या संशोधकांनाही ठरलेल्या शुल्कात उपलब्ध असतात. ही केंद्रे मुळात रसायन आणि पदार्थविज्ञानासाठी उभी राहिली आहेत, हे मात्र विसरू नये. ओला, रक्ताळलेला, संसर्गाची शक्यता असलेला नमुना तेथे कोणी हातात घेत नाही आणि घेऊही नये. हाड स्वच्छ करून, चरबी काढून, वाळवून, लागल्यास भुकटी करूनच न्यावे लागते.

देशभरातली अशी उपकरणे शोधण्यासाठी ‘आय-स्टेम’ हे संकेतस्थळ आहे. २०२० च्या जानेवारीत बंगळुरूला भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्ये त्याचे उद्घाटन झाले. मायक्रो-सीटीसारखे दुर्मीळ उपकरण तेथे नाव टाकून शोधावे. ते वैद्यकीय संस्थेतच असेल असे नाही, भूगर्भशास्त्र किंवा पदार्थविज्ञानाच्या विभागातही ते असू शकते, आणि दगडातल्या छिद्रांचे चित्र घेणारे यंत्र हाडाचेही चित्र घेऊ शकते. यादीत उपकरण दिसले म्हणजे ते चालू आहे असे मानू नये. तेथील तंत्रज्ञाला दूरध्वनी करून तीन गोष्टी विचाराव्यात: यंत्र सध्या चालू आहे का, ते यापूर्वी हाडासाठी वापरले आहे का, आणि पुढची मोकळी तारीख कोणती. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले तरी ते दार सोडू नये, फक्त आपल्या वेळापत्रकात सरावाचे दोन दिवस वाढवावेत.

परवानग्या, आणि संमतीची भाषा

माणसाशी संबंधित प्रत्येक कामाला आपल्या संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता हवी, आणि ती नमुना घेण्यापूर्वीची हवी. प्राण्यांच्या कामाला संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मान्यता आणि नोंदणीकृत प्राणिगृह लागते. बहुतेक सामायिक केंद्रे नमुन्यासोबत या पत्राची प्रत मागतात, म्हणून अर्जातच ‘नमुन्याचा काही भाग अमुक संस्थेत अमुक चाचणीसाठी पाठवला जाईल’ हे वाक्य असू द्यावे. ते राहून गेले, तर सुधारित मान्यतेसाठी समितीच्या पुढच्या बैठकीपर्यंत थांबावे लागते. नमुना एका संस्थेतून दुसरीत जाताना दोन्ही संस्थांमध्ये हस्तांतरणाचा लेखी करार करून ठेवावा.

आपल्या भागात खरा वेळ जातो तो संमतिपत्राच्या भाषेत. एकाच घरातली आजी मराठी वाचते, नातू कन्नड शाळेत शिकलेला असतो, आणि शेजारच्या गल्लीत उर्दू वाचणारे कुटुंब असते. म्हणून मराठी आणि कन्नड ही दोन्ही संमतिपत्रे सुरुवातीपासून तयार ठेवावीत आणि अभ्यासाच्या गावांत गरज असेल तेथे उर्दूही. भाषांतर एकाने करावे, आणि मूळ मसुदा न पाहिलेल्या दुसऱ्याने ते उलट भाषांतरित करून पाहावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी संशोधनाशी संबंध नसलेला साक्षर साक्षीदार लागतो, आणि अंगठ्याच्या ठशाशेजारी त्याची सही. ‘आजी, ही तपासणी तुमच्या गुडघ्याच्या औषधासाठी नाही, तुमच्या चालण्यावरून आम्हाला शिकायचे आहे, आणि नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारात काही कमी होणार नाही,’ हे तोंडी सांगितल्याशिवाय छापील मजकुराला अर्थ येत नाही, कारण दवाखान्यातल्या माणसाने केलेली प्रत्येक तपासणी म्हणजे उपचारच, अशी खेड्यातल्या माणसाची स्वाभाविक समजूत असते.

प्रश्नावलीतही भाषेचा असाच एक चकवा आहे. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेली नॉर्डिक प्रश्नावली शरीराचे नऊ भाग करून गेल्या बारा महिन्यांतील आणि गेल्या सात दिवसांतील त्रास विचारते. पण मराठीत ‘हात दुखतो’ म्हटले की तो खांद्यापासून बोटांपर्यंत कोठेही दुखत असू शकतो, आणि ‘पाय’ तर मांडीपासून तळव्यापर्यंत पसरलेला असतो. शब्द विचारून खूण करण्याऐवजी शरीराचे चित्र पुढे ठेवावे आणि त्यावर बोट ठेवायला सांगावे.

नमुन्याचा पहिला तास

सर्वाधिक काळजी येथे घ्यायची आहे, कारण येथली चूक नंतर कोणत्याही यंत्राने भरून निघत नाही. माझ्या एका प्रकल्पात शस्त्रक्रियागृहातून आलेले हाडाचे गोळे एका सद्हेतूने वागणाऱ्या मदतनिसाने नेहमीच्या सवयीने फॉर्मॅलिनच्या बरणीत टाकले होते. छेद उत्तम आले. दाब-चाचणी मात्र करता आली नाही, कारण फॉर्मॅलिनने हाडातल्या प्रथिनांचे बंध बदलतात आणि मोजलेली ताकद त्या रुग्णाच्या हाडाची राहत नाही. दुसऱ्या वेळी एका प्रयोगशाळेने आमची हाडे गाठीच्या निदानासाठी वापरतात त्या तीव्र आम्लात एका रात्रीत मऊ करून दिली. निदानाला ते पुरेसे असते, पण आम्हाला हाड खाणाऱ्या पेशी त्यांच्या विकराच्या रंगाने ओळखायच्या होत्या, आणि तो विकर आम्लात उरला नव्हता. दोन्ही वेळा दोष आमच्या कागदाचा होता. बरणीवर काय करायचे ते लिहिले होते, काय करायचे नाही ते लिहिले नव्हते.

त्यामुळे एका प्राण्याची हाडे आधीच वाटून टाकावीत. उदाहरणार्थ, उजवे मांडीचे हाड मायक्रो-सीटी आणि नंतर मोडण्याच्या चाचणीसाठी, डावे मांडीचे हाड छेदांसाठी, नडगीचे एक हाड खनिजाच्या रसायनासाठी. कोणती बाजू कशासाठी हे सर्व प्राण्यांत सारखे असावे. ज्या हाडाची ताकद मोजायची, ते मांस काढून, ०.९ टक्के सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजमध्ये गुंडाळून, हवाबंद पिशवीत घालून उणे २० अंशांवर ठेवावे. हाड वाळले की ते ठिसूळ होते, आणि औषधाचा परिणाम म्हणून आपण जे छापतो ते प्रत्यक्षात पंख्याच्या वाऱ्याचा परिणाम असते. गोठवणे आणि वितळवणे शक्यतो एकदाच व्हावे.

मायक्रो-सीटीने हाडाची तोडफोड होत नाही, म्हणून ती मोडण्याच्या चाचणीच्या आधी करावी, आणि चित्रण चालू असतानाही हाड ओलसर आणि हलणार नाही अशा नळीत असावे. अर्धवट वितळलेले हाड नळीत घातले, तर ते चित्रणाच्या मध्यात सरकते आणि कडा दुहेरी दिसतात. उंदराच्या (म्हणजे रॅटहून बराच लहान असलेल्या माऊसच्या) हाडातल्या जाळीचे दांडे शंभर मायक्रॉनहून कमी जाडीचे असतात, म्हणून चित्राचा घनबिंदू, म्हणजे त्रिमितीय चित्रातला सर्वांत लहान ठोकळा (व्हॉक्सेल), १० मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून लहान मागावा. रॅटसाठी थोडा मोठा चालतो. घनबिंदूचा आकार, विद्युतदाब, ॲल्युमिनियमच्या गाळणीची जाडी आणि चित्रात हाड वेगळे काढण्याची सीमारेषा (थ्रेशोल्ड) हे चारही आकडे पहिल्या नमुन्यापासून शेवटच्यापर्यंत एकच राहिले पाहिजेत. खनिजाची घनता हवी असेल, तर त्याच दिवशी हायड्रॉक्सीअपटाइटच्या (हाडातल्या खनिजाच्या) प्रमाण ठोकळ्याचेही चित्रण करून घ्यावे.

छेदांसाठीचे हाड १० टक्के तटस्थ फॉर्मॅलिनमध्ये २४ ते ४८ तास ठेवावे, आणि द्रावण हाडाच्या आकारमानाच्या निदान दहापट असावे. नंतर हाड मऊ करण्यासाठी १० ते १४ टक्के ईडीटीए (खनिज हळूहळू काढून घेणारे रसायन), सामू ७.२ ते ७.४, दर दोन-तीन दिवसांनी ताजे. उंदराच्या हाडाला दोन-तीन आठवडे, रॅटच्या हाडाला महिना-दीड महिना लागतो. घाई झाली की लोक सुई टोचून मऊपणा तपासतात आणि नेमक्या पाहायच्या जागी भोक पाडतात. त्यापेक्षा साधा एक्स-रे काढावा. हाड किती वेगाने घडते हे मोजायचे असेल, तर मात्र हाड मऊ करायचेच नसते. त्यासाठी जिवंतपणी दोन वेळा टेट्रासायक्लिन किंवा कॅल्सीनसारखा चमकणारा रंग देतात, हाड राळेत बसवून कठीण पात्याने कापतात आणि दोन चमकदार रेषांमधले अंतर मोजतात. दोन्ही मात्रांच्या तारखा लिहिल्या नाहीत, तर त्या अंतराला भागायला दिवसच उरत नाहीत. असे कठीण छेद घेणारी ठिकाणे थोडी आहेत, म्हणून प्रकल्पात ते असेल तर प्राणी आणण्याच्या आधी ते दार पक्के करावे.

स्नायूची रीत हाडाच्या उलट आहे. फॉर्मॅलिन नको, उणे २० नको, आणि थेट द्रवरूप नायट्रोजनही नको. नायट्रोजन उणे १९६ अंशांवर उकळतो आणि स्नायूभोवती वायूचा थर धरतो. त्यामुळे गोठणे मंदावते, बर्फाचे स्फटिक होतात आणि छेद आंबोळीसारखा भोकाभोकांचा दिसतो. त्यासाठी नायट्रोजनमध्ये धातूचे भांडे धरून त्यात आयसोपेंटेन नावाचा द्रव सुमारे उणे १५० ते १६० अंशांपर्यंत थंड करतात आणि स्नायू त्यात बुडवतात. द्रवरूप नायट्रोजन कोठे मिळेल ही चिंता करणाऱ्यांसाठी एक माहिती: जनावरांच्या कृत्रिम रेतनाची केंद्रे त्यावरच चालतात, त्यामुळे तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पुरवठादाराचा पत्ता हमखास कळतो. तो गाडीतून नेताना काचा उघड्या ठेवाव्यात, झाकण घट्ट आवळू नये, आणि आयसोपेंटेनजवळ आग नसावी.

रक्ताच्या नमुन्याबद्दल थोडक्यात: हाडाची झीज दाखवणारा सीटीएक्स हा घटक जेवणानंतर उतरतो, म्हणून रक्त सकाळी उपाशीपोटीच घ्यावे, आणि शिबिर दुपारचे असेल तर ती चाचणी यादीतून काढून टाकावी.

लोखंडाचे यंत्र आणि काडीएवढे हाड

अभियांत्रिकी महाविद्यालयातले सार्वत्रिक चाचणी यंत्र बहुधा लोखंडी सळ्या ओढण्यासाठी घेतलेले असते आणि त्याची क्षमता ४०० किंवा १००० किलोन्यूटन असते. रॅटचे मांडीचे हाड तीन बिंदूंवर वाकवले, तर साधारण शंभर-दीडशे न्यूटनला मोडते आणि उंदराचे त्याच्या दशांशाइतक्या बळाला. म्हणजे ४०० किलोन्यूटनच्या यंत्रावर आपले संपूर्ण मापन क्षमतेच्या तीन हजाराव्या भागाच्या आसपास होणार, आणि तेथे दिसणारा आकडा हा हाडाचा नसून यंत्राच्या थरथरीचा असतो. लग्नाच्या पंगतीचा भात ज्या काट्यावर मोजतात, त्यावर केशर मोजू नये.

म्हणून यंत्रापेक्षा त्यावर बसणाऱ्या लोड सेलबद्दल, म्हणजे बळ मोजणाऱ्या भागाबद्दल, विचारावे. रॅटसाठी ५०० न्यूटनचा, उंदरासाठी ५० न्यूटनचा, आणि खुब्याच्या गोळ्यातून कापलेल्या एक सेंटिमीटरच्या घनासाठी साधारण दोन ते पाच किलोन्यूटनचा सेल योग्य ठरतो. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेने दिलेले त्याचे अंशांकन प्रमाणपत्र चालू वर्षाचे आहे का हे पाहावे. मोठ्या यंत्राशेजारी कापड, प्लास्टिक किंवा रबर तपासणारे छोटे यंत्र धूळ खात असते, ते आपल्या अधिक कामाचे. हाड टेकवण्याचा साचा विकत घेण्याची गरज नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ओतकाम आणि यंत्रकाम करणाऱ्या कारखान्यांची कमी नाही. दोन्ही टेकूंची आणि वरच्या दट्ट्याची टोके मिलिमीटर-दोन मिलिमीटर त्रिज्येने गोलसर ठेवलेला साचा तेथे चित्र दाखवून करून घेता येतो. धातूचे तुकडे घासून चकचकीत करण्याची यंत्रे आणि हिऱ्याचे मंदगती पातेही अशाच धातुशास्त्राच्या प्रयोगशाळांत सापडते, आणि हाडाचे पातळ काप घ्यायला ते उत्तम चालते, मात्र हाडासाठी वेगळे पाते आणि पाण्याची धार हवी.

पहिला दिवस नुसता सरावाचा ठेवावा. खाटकाकडून आणलेल्या कोंबडीच्या तंगडीच्या कच्च्या हाडांवर दहा-पंधरा चाचण्या कराव्यात. टेकूंमधले अंतर, वेग, हाडाचा तोंडवळा कोणत्या बाजूला हे सर्व त्या दिवशी ठरते. वेग मिनिटाला एक मिलिमीटरच्या आसपास आणि टेकूंमधले अंतर सर्व नमुन्यांत एकच ठेवावे. शेवटी तंत्रज्ञाकडून केवळ ‘कमाल बळ’ हा एक आकडा न घेता बळ आणि विस्थापन यांची पूर्ण नोंद साध्या मजकूर फाइलमध्ये घ्यावी, कारण कडकपणा आणि मोडेपर्यंत शोषलेली ऊर्जा त्या वक्ररेषेतून निघते. एका रुग्णाच्या गोळ्यातून चार घन कापले, तर ते चार रुग्ण होत नाहीत, हे विश्लेषण करणाऱ्याला आठवणीने सांगावे. परीक्षक ते विचारतातच.

माणूस स्वतः चालत येतो तेव्हा

चालण्याच्या विश्लेषणाच्या प्रयोगशाळेत नमुना बरणीत येत नाही, बसने येतो. खानापूरच्या एखाद्या वाडीतून येणाऱ्या मावशींना परतीची बस किती वाजता आहे हे आधी विचारावे आणि भाड्याची भरपाई अंदाजपत्रकात धरावी. शरीरावर चकाकत्या खुणा चिकटवाव्या लागतात आणि साडीवर चिकटवलेली खूण गुडघ्याची हालचाल दाखवत नाही, साडीची दाखवते. म्हणून गुडघ्यापर्यंतचे कपडे, ते बदलण्यासाठी बंद खोली आणि महिला सहायक या सोयी नसतील, तर तो अभ्यास महिलांवर करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गुडघा दुखणारा माणूस दवाखान्याला निघताना तेल चोळून निघतो. त्यावर ईएमजीचे इलेक्ट्रोड टिकत नाहीत. आदल्या दिवशी फोनवर ‘उद्या गुडघ्याला तेल लावू नका’ एवढे सांगितले, तर सकाळचा अर्धा तास वाचतो. पावलाचे बळ मोजणाऱ्या जमिनीतल्या बलपट्टीवर नेमके पाऊल टाकायला सांगू नये, कारण मग माणूस चालत नाही, नेम धरतो. नेहमीच्या वेगाने, अनवाणी, पुन्हापुन्हा चालू द्यावे आणि पाऊल आपोआप नीट पडलेल्या फेऱ्याच घ्याव्यात. ईएमजीची नोंद सेकंदाला निदान १००० वेळा व्हावी.

डेक्सा या एक्स-रे यंत्रावर हाडाची घनता मोजताना पहिली आणि पुढची तपासणी एकाच यंत्रावर करावी, कारण दोन कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे थेट जुळत नाहीत. उणे २.५ किंवा त्याहून कमी टी-स्कोअर (निरोगी तरुणांच्या सरासरीशी तुलना) म्हणजे अस्थिसुषिरता (ऑस्टिओपोरोसिस), ही जागतिक आरोग्य संघटनेची १९९४ ची व्याख्या रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांसाठी आहे. तिशीतल्या विडी कामगाराला ती लावू नये, तेथे झेड-स्कोअर (समवयस्कांशी तुलना) पाहावा.

तारखा, पैसे आणि प्रवास

शुल्काचे सहसा तीन स्तर असतात: संस्थेतले, बाहेरचे शैक्षणिक आणि उद्योग. दरपत्रकातला आकडा बहुधा फक्त यंत्राच्या तासाचा असतो. नमुना तयार करणे, तंत्रज्ञाचा वेळ, विश्लेषण आणि जीएसटी वेगळे आहेत का हे लेखी विचारावे आणि तो अंदाज निधीच्या अर्जापूर्वी हातात असावा. मायक्रो-सीटीच्या एका नमुन्याची माहिती काही गिगाबाइट भरते, म्हणून स्वतःची हार्ड डिस्क न्यावी, मूळ प्रतिमा मागून घ्याव्यात आणि परत आल्यावर लगेच दुसरी प्रत करावी.

वेळापत्रक आखताना दोन्ही राज्यांची दिनदर्शिका भिंतीवर असू द्यावी. १ नोव्हेंबरच्या राज्योत्सवाला कर्नाटकातली कार्यालये बंद असतात आणि कोल्हापूरची चालू, तर १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीला नेमके उलट. सीमाप्रश्नावरून तणाव वाढला की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या मध्येच थांबतात, आणि डिसेंबरच्या सुमारास बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन असताना महामार्गावर खोळंबा ठरलेला. कोरड्या बर्फाने भरलेल्या खोक्याला हे काही समजत नाही. लांबच्या केंद्रासाठी नमुने शुक्रवारी कधीही पाठवू नयेत; सोमवारी किंवा मंगळवारी, शक्यतो स्वतःच्या हाताने, आणि अर्धेच न्यावेत. उरलेले अर्धे आपल्या शीतपेटीत राहिले, तर वाटेतला अपघात प्रकल्पाला बुडवत नाही.

चाचणी संपल्यावर मोडलेले तुकडे त्या महाविद्यालयाच्या कचरापेटीत टाकू नयेत. अभियांत्रिकी विभागात जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीची व्यवस्था नसते, म्हणून ती आपणच न्यावी आणि तुकडे घालून आपल्या रुग्णालयात परत आणावी. २०१६ च्या नियमांनुसार प्रक्रिया न केलेला असा कचरा ४८ तासांपेक्षा अधिक काळ ठेवता येत नाही. तंत्रज्ञाचे नाव शोधनिबंधात लेखकांत येणार की ऋणनिर्देशात, हे काम सुरू होण्यापूर्वी बोलून घ्यावे. ज्याने साचा बदलण्याची किंवा घनबिंदू कमी करण्याची सूचना केली आणि त्यामुळे आपले आकडे उभे राहिले, तो लेखकांत असायला हरकत नसावी.

शीतपेटीतल्या उरलेल्या पिशव्यांवर प्राण्याचा क्रमांक, बाजू, गोठवल्याची तारीख आणि ‘फॉर्मॅलिन नको’ हे शब्द पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आतल्या बाजूने घालावी. मार्करची शाई स्पिरिट लागले की पुसली जाते.